पुण्याची गाडी बंगळुरूला नेल्यावर विमा, लायसन आणि आरसी: आधी काय, मग काय

कोथरूडहून व्हाइटफील्डला राहायला गेलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर, २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, नंबर एमएच-१२, बँकेचे हप्ते अजून चालू. लायसन लग्नाआधीचं, साताऱ्याचं, माहेरच्या नावाचं. विम्याची पॉलिसी दोन महिन्यांत संपतेय. सोसायटीत कुणीतरी त्यांना सांगितलं की दुसऱ्या राज्यात गेल्यावर ३० दिवसांत नंबर बदलला नाही तर विमा रद्द होतो. हे खरं आहे का आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, ती ३० दिवसांची भीती आधी मनातून काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. नवा नंबर घ्यायचा प्रश्न येतो कलम ४७ मध्ये, आणि तिथे मुदत आहे १२ महिन्यांची. गाडी सलग १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. विमा आपोआप रद्द होतो असं कुठेही म्हटलेलं नाही.

मग हा ३० दिवसांचा आकडा आला कुठून? कर्नाटकाने २०१४ साली आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून परराज्यातल्या गाडीने ३० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम केला की लाइफटाइम टॅक्स भरायचा, असं ठरवलं होतं. त्या काळात बंगळुरूत एमएच, केएल, टीएन नंबरच्या गाड्या अडवून वसुली व्हायची. ती दुरुस्ती २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केली, पण लोकांच्या तोंडी आकडा राहिला तो राहिलाच. दुसरे ३० दिवस कलम ४९ मधले आहेत. आरसीवरच्या पत्त्यावर तुम्ही राहायचं सोडलं, तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमच्या आरसीवर कोथरूडचं घर आहे, सासू-सासरे तिथेच आहेत आणि तुमचा पक्का पत्ताही तोच आहे. बदली कायमची की वर्षभराची हे अजून ठरलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे आज घाईने आरसीला हात लावायचं कारण नाही.

मोटार विम्याच्या क्लेमचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, विमा, लायसन आणि आरसी या तिन्हींचं काम एकाच दमात उरकायला जाऊ नका. विमा कंपनीला आजच कळवा. लायसन सवडीने करा, पण नीट करा. आरसीचा निर्णय मात्र दहाव्या महिन्यात, पूर्ण विचार करून घ्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: आधी एनओसीच्या (नंबर बदलायला जुन्या आरटीओकडून लागणारं ना-हरकत पत्र) मागे धावतात आणि विमा कंपनीला सांगायचंच विसरतात.

विम्याचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी लिहा: पॉलिसी क्रमांक अमुक, गाडीचा नंबर एमएच-१२ अमुक, ही गाडी अमुक तारखेपासून बंगळुरूत व्हाइटफील्ड इथल्या पत्त्यावर ठेवलेली आहे, नोंदणी क्रमांक तूर्त तोच आहे, पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची नोंद) पाठवावी. सोबत भाडेकरार किंवा लाइट बिल जोडा. एजंटला व्हॉट्सॲप करून थांबू नका. एजंट चांगला असला तरी क्लेमच्या वेळी फाइलमध्ये ईमेलच लागतो. एन्डॉर्समेंटचा कागद आला की पॉलिसीसोबत जपून ठेवा.

हप्ता वाढेल का? तुमच्या बाबतीत शहर बदलल्यामुळे वाढू नये. मोटार विम्यात देशाचे दोन झोन धरतात. ‘ए’ झोनमध्ये मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं, बाकी सगळा देश ‘बी’ झोनमध्ये. पुणे आणि बंगळुरू दोन्ही ‘ए’मध्ये आहेत. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरची गाडी बंगळुरूच्या नंबरावर गेली तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर थोडा चढतो, आणि मुंबईची गाडी गोव्याच्या नंबरावर गेली तर उतरतो. झोन गाडीच्या नोंदणीवरून धरतात, त्यामुळे नुसत्या पत्त्याच्या बदलाने तो हलत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं आणि तो देशभर एकच असतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये.

दोन महिन्यांनी रिन्यूअल करताना ऑनलाइन फॉर्म तुम्हाला आरटीओ विचारेल. आरसीवर एमएच-१२ आहे तोवर पुणेच भरायचं. बंगळुरूत राहतो म्हणून केए-५३ (व्हाइटफील्ड भागाचा आरटीओ) निवडलं, तर पॉलिसीवर एक आणि आरसीवर दुसरंच येईल. नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, काळजी नको. तो मालकाचा असतो, राज्य किंवा नंबर बदलल्याने जात नाही. जातो तो पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर. घर बदलण्याच्या धांदलीत रिन्यूअलची तारीख नेमकी इथेच निसटते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुमच्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२४ मध्येच संपला असणार, म्हणजे आता एकच पॉलिसी आहे. पण ज्यांची गाडी तीन वर्षांच्या आतली आहे त्यांनी लक्षात घ्या, सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, आणि पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेज बरेच जण दुसऱ्या कंपनीकडे नेतात. अशा वेळी पॉलिसी दोन, कंपन्या दोन, आणि कळवायचंही दोघींना. पुढे नंबर बदलेल तेव्हासुद्धा.

बंगळुरूत राहणार म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रिन्यूअलला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर, आउटर रिंग रोड, व्हाइटफील्ड या भागांत पाणी भरलं तेव्हा बेसमेंटमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान येतं: सीट, वायरिंग, पाणी काढून साफसफाई. पण पाणी शिरलेलं असताना कुणी स्टार्ट मारला आणि पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी ते ‘परिणामी नुकसान’, म्हणजे पुराने थेट न झालेलं, धरते आणि इंजिनाचे पैसे नाकारते. आणि खर्च खरा तिथेच असतो. पुण्यात तुमची गाडी वरच्या पार्किंगमध्ये उभी असेल, बंगळुरूत बेसमेंटमध्ये असेल, तर हा धोका सरळ बदललाय. ॲड-ऑन असलं तरी गाडीला पाणी लागलं की चावी फिरवायची नाही, फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि गाडी टो करूनच हलवायची. नव्या घराजवळ कंपनीचं कॅशलेस गॅरेज कोणतं, तेही आत्ताच पाहून ठेवा.

गाडी कॅरियरवरून पाठवली असेल आणि उतरवताना ओरखडा आला असेल, तर तुमच्या नेहमीच्या पॉलिसीतही रस्ता, रेल्वे, जलमार्ग किंवा लिफ्टने होणाऱ्या वाहतुकीतलं नुकसान येतं. पण तो क्लेम घेतला की बोनस जातो, म्हणून लहान नुकसान असेल तर आधी मूव्हर्सच्या ट्रान्झिट विम्यातून मागा. गाडी ताब्यात देताना मीटरचं रीडिंग आणि चारी बाजूंचे फोटो काढलेले असले तर वाद होत नाही.

आता लायसन. ते देशभर चालतं, बंगळुरूत राहायला गेल्यामुळे ते बाद होत नाही, आणि पत्ता बदलला म्हणून पुन्हा टेस्टही द्यावी लागत नाही. तुमच्या बाबतीत अडचण पत्त्याची नाही, नावाची आहे. आरसी आणि पॉलिसी सासरच्या नावावर, लायसन माहेरच्या नावावर. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, पहिल्यांदा हेच बघतो, गाडी कोण चालवत होतं आणि त्याचं लायसन कुठे आहे. मालक आणि चालक एकच बाई आहे हे त्याला कागदावरून दिसायला हवं. विवाह नोंदणीचा दाखला दाखवून हे सुटतं, क्लेम त्यामुळे बुडत नाही. पण अपघातानंतरच्या त्या दिवसांत दाखला शोधत बसायची वेळ का आणायची?

क्रम असा धरा. सगळ्यात आधी आधार: नाव सासरचं झालंय का, मोबाइल चालू नंबराशी जोडलाय का, आणि पत्ता बंगळुरूचा करायचा असेल तर तो. कारण परिवहन पोर्टलवर लायसनची बरीच कामं आता आधार पडताळणीने घरबसल्या होतात, आणि त्यात आधारवरचं नाव-पत्ताच उचलला जातो. आधारवर एक नाव आणि लायसनवर दुसरं असेल तर तो रस्ता बंद, मग कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं. तुमच्या बाबतीत नाव बदलायचंच आहे, तेव्हा एका फेरीची तयारी ठेवा. विवाह दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, भाडेकरार, मूळ लायसन सोबत न्या. सारथीवर (परिवहन पोर्टलचा लायसनचा विभाग) राज्य कर्नाटक निवडून नाव आणि पत्ता, दोन्ही बदल एकाच अर्जात टाका. व्हाइटफील्डचं काम के. आर. पुरमच्या आरटीओकडे येतं. लायसनचा नंबर एमएच-११चाच राहतो, त्याने घाबरू नका.

त्याआधी एक गोष्ट आजच तपासा. सारथीवर तुमचा लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून माहिती उघडते का ते बघा. जुनी लायसनं, विशेषतः पुस्तिकेच्या किंवा लॅमिनेट केलेल्या कागदाच्या जमान्यातली, कधीकधी संगणकावर चढवलेलीच नसतात. मग बंगळुरूचं कार्यालय काहीही करू शकत नाही. साताऱ्याच्या आरटीओतून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसनची संगणकावर नोंद, करून घ्यावी लागते. दिवाळीत गावी जाणार असाल तर मूळ लायसन घेऊनच जा. आणि मुदत बघा. सप्टेंबर २०१९ च्या दुरुस्तीआधी दिलेलं खासगी लायसन २० वर्षांपर्यंत किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतं. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ठीक, वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. पूर्वी मुदत संपल्यावर महिनाभराची सवलत होती, आता ती नाही. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवताना अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम खरोखरच अडतो.

आरसीकडे येऊ. दहा महिने झाले, आणि आता इथेच राहायचं असं ठरलं, तर कामाला लागा. तोपर्यंत फक्त एक करा: गाडी कर्नाटकात कधी आली याचा पुरावा जपा. गाडी चालवत नेली असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. कागल सोडल्यावर कोगनोळी टोलची नोंद आणि तिची तारीख त्यात असते. कॅरियरने नेली असेल तर त्याचं बिल. रस्त्यात परिवहन अधिकाऱ्याने अडवून एमएच नंबर का, असं विचारलं तर सोबत बदलीचं पत्र आणि ही तारीख दाखवायची, आवाज न चढवता. १२ महिन्यांच्या आत असाल तर कर्नाटकाचा टॅक्स भरायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन कायद्याने मूळ कागदाइतकीच चालतात.

नंबर बदलायचा म्हणजे पुण्याच्या आरटीओकडून एनओसी. अर्ज फॉर्म २८. त्याआधी तीन गोष्टी मोकळ्या लागतात. एक, गाडीवरची सगळी ई-चलनं भरलेली. चलनाचे मेसेज ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणीच्या पोर्टलवर नोंदलेल्या मोबाइलवर येतात. शोरूमने तिथे जुना किंवा डीलरचाच नंबर घातलेला असेल, तर तुम्हाला पत्ताच नसतो आणि एनओसीच्या खिडकीवर एकदम पाच-सहा चलनं समोर येतात. म्हणून मोबाइल नंबर आजच दुरुस्त करा. दोन, बँकेचं संमतीपत्र. कर्ज चालू असताना गाडी राज्याबाहेर नोंदवायला फायनान्सरची परवानगी कायद्यानेच लागते. शाखेत अर्ज लवकर टाका, पण पत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती पाहूनच पुढची तारीख ठरवा. तीन, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा. हे कुणी आधी सांगत नाही. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची, की आकडे पांढरे उमटतात. तो कागद फॉर्मवर चिकटवायचा. अनेक गाड्यांत हा नंबर पुढच्या सीटखाली, मॅटची झडप उचलली की दिसतो. गाडी बंगळुरूत आणि अर्ज पुण्यात, म्हणून चांगले उमटलेले चार-पाच ठसे काढून ठेवा. एखादा आकडा पुसट आला की अर्ज परत येतो.

अर्ज दिल्यावर आरटीओने ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, गाडी चोरीच्या यादीत नाही ना याची खातरजमाही याच काळात होते. एनओसी हातात आली की मात्र ती कपाटात ठेवू नका. पुण्याने गाडी सोडलेली आणि बंगळुरूने घेतलेली नाही, अशी ती मध्येच लटकते. या काळात गाडी चोरीला गेली तर क्लेमसाठी लागणारे आरटीओचे फॉर्म २८, २९, ३० नेमके कुठल्या कार्यालयाचे, इथूनच गोंधळ सुरू होतो. म्हणून कर्नाटकाच्या टॅक्सचे पैसे तयार असतील तेव्हाच एनओसी काढा.

आणि हे पैसे कमी नसतात. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स पाच लाखांपर्यंतच्या गाडीला १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीसला १७ आणि त्यावर १८ टक्के असा आहे, आणि टॅक्सच्या रकमेवर आणखी ११ टक्के उपकर. गाडीची किंमत नऊ लाख धरली तर नव्या गाडीला १,२६,००० आणि उपकराचे १३,८६० रुपये. तुमची गाडी जुनी आहे, त्यामुळे वयाप्रमाणे यात ठरलेली सूट मिळते, पण रक्कम तरीही एकदम भरायची असते. २०२१ मध्ये पुण्यात तुम्ही ११ टक्क्यांनी ९९,००० भरले असतील. त्यातला उरलेल्या वर्षांचा भाग महाराष्ट्र परत देतो, पण तो नंतर. म्हणजे काही महिने दोन्ही राज्यांना तुमचे पैसे गेलेले असतात. हे गणित आधीच मांडा. बदली दोन वर्षांची असेल आणि त्यानंतर परत पुण्याला यायचं नक्की असेल, तर गाडी पुण्यात ठेवून तिथे दुसरी सोय बघणं अनेकांना परवडतं. तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच (भारत सीरिज, राज्य बदललं तरी न बदलणारा) नंबरचा पर्यायही विचारून बघा. डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाडीलाही तो घेता येतो, आणि टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. खासगी नोकरदारांच्या अर्जाबाबत सगळी राज्यं सारखी तयार नसतात, म्हणून फॉर्म ६० वर (नोकरीचा दाखला) कंपनीची सही घ्यायच्या आधी आरटीओत चौकशी करा.

बंगळुरूत फॉर्म २७, एनओसी, बँकेच्या सहीचा फॉर्म, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन गाडी तपासणीला न्यावी लागते. केए-५३ नंबर मिळाला की त्याच दिवशी विमा कंपनीला नव्या आरसीची प्रत पाठवून दुसरी एन्डॉर्समेंट मागा. माझ्याकडे नाशिकच्या एका गृहस्थांची फाइल आली होती. गाडीवर केए प्लेट, पॉलिसीवर एमएच-१५. गाडी ठोकली गेली, गॅरेजने काम थांबवलं, कारण पॉलिसीवर ती गाडीच नव्हती. चेसिस आणि इंजिन नंबर जुळत होते, एनओसीची प्रत त्यांनी ठेवली होती, म्हणून क्लेम शेवटी मिळाला, पण तोवर गाडी बरेच आठवडे गॅरेजमध्ये पडून होती. नंबर बदलला तरी चेसिस आणि इंजिन नंबर बदलत नाहीत, आणि कंपनी गाडी ओळखते ती त्यावरूनच. म्हणून पॉलिसीवर हे दोन नंबर अक्षर न् अक्षर बरोबर आहेत ना, हे रिन्यूअलच्या वेळीच पाहा. नव्या नंबराची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट बसवा, फास्टॅग देणाऱ्या बँकेला नवी आरसी देऊन टॅगवरचा नंबर बदलून घ्या, पुढची पीयूसी नव्या नंबरावर काढा.

उरला महाराष्ट्राचा रिफंड. तो पुण्याच्याच आरटीओत मागायचा. नवी आरसी, कर्नाटकात टॅक्स भरल्याची पावती, एनओसीची प्रत, पुण्यातल्या टॅक्सची मूळ पावती आणि रद्द केलेला चेक लागतो. मूळ पावती बहुतेकांना सापडत नाही. शोरूमने दिलेल्या फाइलमध्ये, इन्व्हॉइसच्या मागे ती असते. तुमची फाइल कोथरूडच्या घरी राहिली असेल तर सासऱ्यांना आजच ती काढून फोटो पाठवायला सांगा. रिफंडला वेळ लागतो, म्हणून अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. स्वतः जाणं जमणार नसेल तर घरच्यांपैकी कुणाच्या तरी नावाने अधिकारपत्र लिहून द्या.